घरचे आरोग्य : स्वभाव नव्हे, दुखणे

हातातला विळा निसटू लागतो, चालताना पाय अडखळतो, दंडाचे मांस आपोआप फडफडते. पुढे बोलणे जड होते आणि घास गिळताना ठसका लागतो. मोटर न्यूरॉन डिसीज या दुखण्याची ही ओळख. मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात, त्या हळूहळू मरतात आणि स्नायू वाळत जातात. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६९ साली याचे वर्णन केले. पुढे कितीतरी वर्षे समज असा होता, की यात शरीर जाते, पण बुद्धी शाबूत राहते.

सर्वांच्या बाबतीत ते खरे नाही. जवळजवळ निम्म्या रोग्यांच्या विचारात किंवा वागण्यात थोडाफार फरक पडतो. शंभरात दहा ते पंधरा जणांचा कपाळामागचा व कानशिलाजवळचा मेंदू झिजून मोठा बुद्धिविकार होतो. बाकी निम्म्यांची बुद्धी मात्र चांगली राहते. तेव्हा जीभ अडखळली म्हणून माणसाला खुळा समजू नये.

फरक ओळखावा कसा? रोज बाजारभाव विचारणारा माणूस कशातच मन घालीत नाही. हा निरुत्साह सर्वांत जास्त आढळतो. कुणी पाहुण्यांदेखत नको ते बोलतो. कुणी एकच गोष्ट धरून बसतो. घरधनीण तापाने फणफणली तरी कुणी साधी चौकशी करीत नाही. कुणाला गोडाची हाव सुटते, तोंडात घास असतानाच तो दुसरा कोंबतो. गिळणे आधीच अवघड, त्यात हे जिवावर बेतू शकते.

अशा वेळी सेवा करणाऱ्या बाईच्या मनाला फार लागते. ‘एवढे करते, पण यांना किंमत नाही,’ असे वाटते. ताई, हे बोलणे त्यांचे नाही, दुखण्याचे आहे.

स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात शॅरन अब्राहम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोग्यांसाठी ‘ईकास’ नावाची चाचणी बसवली. ती वीसेक मिनिटांत होते. बोलता येत नसेल तर उत्तर लिहून देता येते. पुन्हा घेताना प्रश्न पाठ झालेले नसावेत, म्हणून तिचे निराळे संचही आहेत. आणि वागणुकीबद्दल ती घरच्या माणसालाच विचारते! मात्र चाचणीचे गुण भाषेवर आणि शिक्षणावर अवलंबून असतात. शाळा न पाहिलेल्या माणसाला कमी गुण पडले, एवढ्यावरून बुद्धी गेली असे ठरत नाही. म्हणून घरची नोंद मोलाची.

दुधाचा हिशेब ठेवता, तशी एक वही करा. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी लिहा : काय वेगळे घडले, कधीपासून, किती वेळा, आणि पूर्वी हा माणूस तसा वागे का. जन्माचा तापट माणूस तापला, तर तो बदल नव्हे. वही रोग्यादेखत वाचू नका. डॉक्टरांना वेगळे गाठून दाखवा.

तीन गोष्टी निराळ्या लिहा. सकाळी डोके दुखणे, रात्री झोपमोड, दिवसा पेंग : रात्री श्वास कमी पडत असल्याची ही खूण असू शकते. तेव्हा लगेच डॉक्टरांना सांगा, मुखवट्याच्या यंत्राने आराम पडतो. ‘जगून काय करू’ असे बोलणे : ही उदासी, तिच्यावर उपचार आहेत. कारण नसताना हसू-रडू कोसळणे : हा वेडेपणा नव्हे, मेंदूचा ताबा सुटल्याने होते; त्यावरही औषध आहे.

घरात एका वेळी एकच प्रश्न विचारा. ‘काय खाता?’ यापेक्षा ‘भात की पेज?’ हे सोपे. वाद घालू नका. जेवताना जवळ बसा, ताटात थोडे थोडे वाढा.

आणि एक काम मुळीच लांबवू नका. पोटात नळी घालायची का, श्वासाचे यंत्र लावायचे का, जमिनीच्या कागदांचे काय, हे त्यांचे त्यांना नीट ठरवता येते तोवरच विचारून घ्या. फरक पडू लागल्याचे वहीत लवकर दिसले, तर त्यांचा शब्द वेळेवर ऐकता येईल.