बोटीचे दुखणे बोटाला

मराठी शिकवणाऱ्या माणसाने यंत्रावर लिहावे, ही कित्येकांना अनधिकार चेष्टा वाटेल. पण यंत्राचे शब्दही शेवटी शब्दच. 'थ्रॉटल' हाच घ्या. या इंग्रजी शब्दाचे नाते गळ्याशी. गळा आवळणे हा त्याचा जुना अर्थ. पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर एक पातळ झडप असते. ती मिटली की इंजिनाचा श्वास कोंडतो, उघडली की ते जोरात धावते. डिझेलच्या इंजिनात अशी झडप बहुधा नसते. तिथे तेल किती पाजायचे ते गव्हर्नर नावाचा भाग सांभाळतो आणि आपण त्याची दांडी ओढतो. तरी नाव गळ्याचेच राहिले. आमच्या पालघर-बोईसरकडे या व्युत्पत्तीशी कोणाला कर्तव्य नाही. तिथे एकच शब्द : रेस. रेस दिली, रेस सोडली, आणि एखाद्या वाईट दिवशी, रेसची वायर गेली!

ही वायर म्हणजे नळीत घातलेली तार. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ साली तिचे पेटंट घेतले. युक्ती साधी : बाहेरची नळी दाबली जात नाही, म्हणून आतल्या तारेची ओढ वाटेल त्या वळणाने पलीकडे पोचते. सायकलच्या ब्रेकची तार नुसती ओढते. बोटीची तार जाड आणि ताठ असल्याने ती ढकलतेही. सुकाणूपाशी उभा असलेला माणूस दांडी पुढे करतो आणि खाली, तेलाच्या वासात, इंजिन त्याचे ऐकते. दोघांमध्ये दुवा काय तो एवढाच.

पालघरच्या पश्चिमेला सातपाटी हे कोळ्यांचे मोठे गाव आहे. २०२३ साली महाराष्ट्राने ज्याला 'राज्य मासा' म्हणून मान दिला, त्या पापलेटसाठी सातपाटीचे नाव दूरवर गेलेले. होडीबांधणीच्या पुस्तकांत 'सातपाटी' या नावाचा होडीचा एक प्रकारच आहे. शिडाच्या जागी इंजिन आले, त्याला आता काही पिढ्या झाल्या. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या शाकारलेल्या असतात आणि डागडुजीचे दिवस सुरू होतात. माझा एक विद्यार्थी तिथला. त्याचे वडील तांडेल. त्यांच्या बोटीचे काम यंदा जुलैच्या अखेरीस मी जवळून पाहिले.

तक्रार एवढीच होती, की रेसची दांडी हाताला जड लागते. मिस्त्री बोईसरचा, तारापूरच्या कारखान्यांत हात बसलेला. त्याने प्रथम वायरचे इंजिनाकडले टोक सोडले आणि दांडी हलवून पाहिली. ती तशीच जड.

"इंजिन बरं आहे सर," तो मला म्हणाला, "दुखणं वायरचं आहे. टोक सोडल्यावर दांडी हलकी झाली असती, तर इंजिनाकडे बघितलं असतं."

नळीला एके ठिकाणी चीर गेली होती. तिथून खारे पाणी आत शिरले, गंज चढला आणि तार नळीला घासू लागली.

तांडेल म्हणाले, "तेल सोड आणि बसव. एक मोसम जाईल."

"नाही जायची, तांडेल. आत पडलेला गंज तेलाने निघत नाही."

प्रश्न पैशांचा होता, हे सांगायला नको. दोन महिने घरात दर्याची कमाई नाही. डिझेल, बर्फ, जाळी यांची उधारी समोर. मिस्त्री तर गियरची वायरही बदला म्हणत होता. दोन्ही एकाच वयाच्या! तांडेल गप्प झाले. कोळ्याघरी पैशांची पिशवी बहुधा बाईच्या कमरेला असते. तांडेलांच्या मंडळी इतका वेळ जाळ्याशी बसून ऐकत होत्या. त्या उठल्या आणि एवढेच म्हणाल्या, "दोन्ही घ्या. बोटीवर सात माणसं जातात."

त्या वाक्याचा अर्थ खाडीच्या मुखाशी कळतो. भरती साधून आत शिरताना मागून लाट येते, खाली वाळू असते. त्या क्षणी वायर तुटली तर इंजिन मंदावते किंवा आहे त्याच वेगाला अडकून बसते. मंदावले तर लाट बोटीला आडवी करते. अडकले तर समोरच्या बोटी चुकवायच्या कशा? इंजिन बंद करायची निराळी कळ असते, पण ती चाचपायला तेवढा वेळ हाती हवा!

नव्या वायरी आल्या. जुन्या मोजून तेवढ्याच लांबीच्या आणल्या. लांब झाली तर वेटोळे पडते, आखूड झाली तर वळण काटकोनात मोडते. जुन्या वायरच्या टोकाला सुतळी बांधून मिस्त्रीने ती ओढून काढली. वाटेत सुतळी राहिली आणि तिच्याच आधाराने नवी आत गेली. मग जुळवणी. दांडी मोकळ्यावर ठेवली आणि इंजिनाची कळ मंद वेगाच्या स्क्रूवर टेकवली. वायरचे टोक फिरवून अशा बेताने जुळवले, की ते कळीवर ओढाताण न करता बसावे. आटेही पुरेसे गुंतलेले हवेत. नट आवळला, पिन दुमडली. इंजिन बंद ठेवूनच दांडी पूर्ण पुढे नेली : कळ शेवटास टेकली. मागे आणली : कळ पुन्हा स्क्रूवर टेकली. हे दहादा झाले, आणि मगच इंजिन सुरू झाले.

जुन्या वायरी अडीनडीला ठेवाव्यात, असे तांडेलांच्या मनात होते. मिस्त्रीने त्या कापून दोन तुकडे केले. "ठेवल्या की कोणीतरी बसवतो," म्हणाला.

शेजारीच तारापूरला १९६९ पासून अणूची वीज होते आहे. तिथली यंत्रे कोणत्या इशाऱ्यांवर जपली जातात, ते मला काय ठाऊक! सातपाटीच्या तांडेलाला इशारा देणारे यंत्र म्हणजे त्याचा स्वतःचा तळहात. तार तुटण्याआधी जड होते आणि बोटीचे दुखणे आधी बोटाला कळते. कळले तरी दुर्लक्ष करायला लावते ती आपली काटकसर; आणि काटकसर कुठे थांबवायची, हे बहुधा घरातली हिशेब ठेवणारी बाईच जाणते.

आपल्यापैकी बहुतेकांकडे बोट नाही, पण स्कूटर असेलच. दिवाळीत ती धुऊन पुसाल तेव्हा, इंजिन बंद असताना, रेसची मूठ पूर्ण फिरवून सोडून पाहा. ती आपण होऊन झटकन मागे आली पाहिजे. रेंगाळली, तर फराळाआधी मिस्त्रीकडे जावे.