क्लिपनंतरच्या रक्तस्रावाचा हिशेब

छाती उघडावी लागली नाही म्हणजे रक्तस्रावाची भीती टळली, हा समज मायट्रल झडपेच्या क्लिप-उपचाराबाबत चुकीचा आहे. गळक्या झडपेच्या दोन पाकळ्या क्लिपने जोडण्यासाठी जांघेतल्या शिरेतून पेन्सिलीएवढी, सुमारे 8 मिलिमीटर जाडीची नळी वर नेतात आणि हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा सुईने भेदतात. नळीवर गुठळी धरू नये म्हणून हेपरिनही दिलेले असते. म्हणजे छिद्र मोठे आणि रक्त लवकर न गोठणारे.

जांघेतली सूज निदान दिसते तरी. फसगत होते ती पोटामागे साचणाऱ्या रक्ताने: बाहेर खूण नसते, कंबर दुखते, मग रक्तदाब घसरतो. पडदा भेदताना हृदयाची भिंत दुखावली तर भोवतालच्या आवरणात रक्त भरून हृदयच दाबले जाते. हे क्वचित घडते, पण घडले तर हालचाल काही मिनिटांत करावी लागते.

शस्त्रक्रियेच्या तुलनेत हा उपचार सुरक्षित म्हणताना 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एव्हरेस्ट-2 चाचणीचा दाखला देतात. पहिल्या 30 दिवसांत गंभीर गुंतागुंत क्लिपच्या गटात 15 टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात 48 टक्के. तफावत डोळ्यांत भरते खरी. पण ती मुख्यतः दोन किंवा अधिक पिशव्या रक्त द्यावे लागण्याची आहे (13 विरुद्ध 45 टक्के). रक्त देणे हा डॉक्टरांचा निर्णय असतो आणि त्याचा उंबरठा रुग्णालयागणिक बदलतो. शिवाय हार्ट-लंग मशीनवर रक्त पातळ होत असल्याने शस्त्रक्रियेनंतर दिलेली प्रत्येक पिशवी रक्तस्रावाचीच नसते. उलट, क्लिपनंतर हिमोग्लोबिन घसरूनही रक्त दिले नाही, तर पिशव्यांच्या हिशेबात त्या घसरणीची नोंदच होत नाही. क्लिपची बाजू याने लंगडी पडत नाही. तिथे रक्त कमीच जाते. मात्र रुग्णालयांनी आपले निकाल सांगताना पिशव्यांबरोबर हिमोग्लोबिनची घट आणि रक्तस्रावाची जागाही सांगितली पाहिजे.

घरी गेल्यावरचा धोका औषधांचा. हे रुग्ण बहुधा वयस्क, अनेकांच्या हृदयाचे ठोके अनियमित, त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी आधीपासूनच चालू. तिच्यात अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलची भर पडली की आतड्यांतून रक्त जाण्याची शक्यता वाढते. महाधमनीच्या झडपेवरील टावी उपचारानंतर असाच प्रश्न पॉप्युलर टावी चाचणीने तपासला. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, रक्त पातळ करणारी कायमची गोळी नसलेल्या रुग्णांपैकी वर्षभरात केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या 15.1 टक्के, तर दोन्ही गोळ्या घेणाऱ्या 26.6 टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला. झडप वेगळी असल्याने हे आकडे क्लिपला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण दुसरी गोळी सवयीने चालू ठेवू नये, एवढे त्यांवरून नक्की म्हणता येते. डिस्चार्ज कार्डावर ती बंद करण्याची तारीख छापणे आणि काळी शौच झाल्यास त्याच दिवशी दाखवा, ही ओळ मराठीत देणे यासाठी कोणत्याही नव्या यंत्रणेची गरज नाही.