दोन जोडण्या आणि एक फायरवॉल

शाळेच्या स्मरणिकेत राउटिंगसारख्या विषयावर लिहावे, हे काही वाचकांना रुक्ष वाटण्याची शक्यता आहे. परंतु ज्या संस्थेत मुले-मुली वर्षातील बहुतेक दिवस मुक्कामास असतात, तेथे इंटरनेट ही आता पाण्याच्या टाकीइतकीच वसतिगृहाची बाब झाली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज पुष्कळदा शेवटच्या रात्रीच भरला जातो. ऊसतोडीसाठी दूर गेलेल्या आईवडिलांशी रविवारचे बोलणे याच तारेवरून होते. म्हणूनच अनेक निवासी विद्यालयांनी अलीकडे एकाऐवजी दोन जोडण्या घेतल्या आहेत. तरीही ‘दोन-दोन लाइन असून नेट बंद’ हे वाक्य शिक्षककक्षात ऐकू येतेच. याचे कारण बहुधा तारेत नसते. संस्थेने दुसरी तार विकत घेतलेली असते. पण दोन तारांमध्ये निवड करण्याचे शास्त्र एखाद्या बाहेरच्या तंत्रज्ञावर सोपवलेले असते. हे शास्त्र संस्थेच्या आत, शिक्षकांच्या आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या हाती असले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फायरवॉल राउटरजवळ एक मार्ग-कोष्टक असते. येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरील पत्ता पाहून ते कोणत्या दाराने बाहेर सोडायचे, हे त्या कोष्टकावरून ठरते. ज्या पत्त्यासाठी वेगळी नोंद नाही, ते पाकीट मूलभूत मार्गाने जाते. जोडणी एकच असेल तर प्रश्नच उद्भवत नाही. दुसरी आली की दोन पर्याय उभे राहतात. पहिली बंद पडली तरच दुसरी वापरायची, हा एक. दोन्हींवर भार वाटून द्यायचा, हा दुसरा. दुसऱ्या पर्यायाविषयी व्यवस्थापनात एक गोड गैरसमज असतो, की शंभर अधिक शंभर म्हणजे दोनशे. वाटणी होते ती एकेका संभाषणाची. एखादी मोठी फाइल उतरवताना ती एकाच तारेने येते, आणि तिचा वेग त्या एका तारेच्या वेगापुढे जात नाही. शिवाय एकाच संकेतस्थळाशी होणारी दोन संभाषणे दोन वेगळ्या पत्त्यांवरून निघाली, तर बँकेचे संकेतस्थळ संशयाने वापरकर्त्यास बाहेर काढते. मुख्य लिपिक मग बँकेला दोष देतात.

पण खरा गुंता आहे तो ‘जोडणी जिवंत आहे’ हे ठरवायचे कसे, यात. राउटर ठरावीक अंतराने एका पत्त्यास हाक देतो आणि उत्तराची वाट पाहतो. हा पत्ता आपण निवडला नाही, तर तो सर्वांत जवळच्या गेटवेचा धरला जातो. आपल्याकडे बहुतेक वेळा हा गेटवे म्हणजे कंपनीने त्याच खोलीत भिंतीवर लावलेली फायबरची पेटी. रस्त्याच्या कामात दोन किलोमीटरवर तार तुटली, तरी भिंतीवरची पेटी इमाने इतबारे उत्तर देत राहते. राउटर समजतो की सारे ठीक आहे, आणि सर्वांची पाकिटे त्या मेलेल्या तारेत ओतत बसतो. दुसरी, चांगली तार शेजारीच रिकामी पडलेली असते. यावर उपाय सोपा आहे: हाक दूरच्या, कंपनीच्या पेटीपलीकडील पत्त्यास द्यावी, आणि दोन तारांसाठी दोन वेगळे पत्ते योजावेत.

या उपायातही एक खोच आहे. पीएफसेन्ससारख्या प्रणालीत असा पाहणीचा पत्ता त्या त्या तारेशी बांधला जातो. त्याच्याकडे जाणारी वाट दुसऱ्या तारेने जात नाही. तोच पत्ता जर नावांचे अंकांत रूपांतर करणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा म्हणून सर्व संगणकांना दिलेला असेल, तर पहिली तार तुटताच नावे सापडेनाशी होतात. दुसरी तार सुरळीत असते, अंकी पत्त्यास हाक दिली तर उत्तरही येते, पण मुलांच्या दृष्टीने नेट गेलेले असते. म्हणून प्रथम अंकी पत्ता आणि मग नाव, या क्रमाने तपासणी करण्याची सवय लावली पाहिजे.

तार बदलली तरी जुनी संभाषणे बदललेल्या वाटेवर आपोआप जात नाहीत, हेही ध्यानी घेतले पाहिजे. समोरच्या सर्व्हरने ती जुन्या पत्त्याच्या नावे नोंदलेली असतात. ज्या मुलीने पान नव्याने उघडले तिचे चालते. जिचा व्हिडिओ आधीपासून सुरू होता तिचा अडकतो. अर्धे वसतिगृह म्हणते चालू आहे, अर्धे म्हणते बंद आहे, आणि दोन्ही खरे बोलत असतात! अधीक्षकांनी अशा वेळी कोणावरही रागावू नये.

आणखी एक घोटाळा इतका सर्रास दिसतो, की त्याचा उल्लेख टाळता येत नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या एका मानकाने खासगी जाळ्यांसाठी तीन पत्तासमूह राखून ठेवले. त्यांतील १९२.१६८ ने सुरू होणारा समूह घरगुती पेट्या बनविणाऱ्यांच्या विशेष आवडीचा. परिणामी दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन पेट्यांचा आतील पत्ता १९२.१६८.१.१ हाच निघतो, आणि कधी शाळेच्या संगणक कक्षातही तोच समूह वापरलेला असतो. एकाच गावात एकाच नावाची दोन घरे असावीत, तशी राउटरची स्थिती होते. एका पेटीचा समूह बदलणे, किंवा शक्य असल्यास कंपनीकडून ती ब्रिज पद्धतीने लावून घेणे, एवढ्याने हा प्रश्न सुटतो.

दुसरी जोडणी आल्यावर ग्रंथालयाचा सर्व्हर संगणक कक्षातून दिसेनासा होतो, ही तक्रारही ओळखीची आहे. तेथे दोष नियमांच्या क्रमाचा असतो. फायरवॉल नियम वरून खाली वाचते आणि जो पहिला जुळेल तो लागू करते. ‘संगणक कक्षातील सर्व काही दुसऱ्या तारेने पाठवा’ असा नियम सर्वांत वर ठेवला, की शेजारच्या खोलीतील ग्रंथालयासाठी निघालेले पाकीटसुद्धा निमूटपणे बाहेर पाठविले जाते. आतल्या आत जाणाऱ्या रहदारीचा, कोणतीही तार न नेमलेला नियम त्याच्या वर असावा लागतो.

हे सारे लहान संस्थांचे दुखणे आहे, असे कोणी समजू नये. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगभर बंद होते. कंपनीनेच नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने तिच्या केंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. डीएनएस सर्व्हरांना मुख्य केंद्रे दिसेनात, तेव्हा आपलीच जोडणी बिघडली असे समजून त्यांनी आपल्याकडे येणाऱ्या वाटांची घोषणा जगातून मागे घेतली. सर्व्हर चालू होते. त्यांच्यापर्यंत जाणारी वाट उरली नव्हती. दुरुस्तीची नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष जागेवर जावे लागले. जिवंतपणाची परीक्षा चुकीची ठरली की सशक्त यंत्रणाही स्वतःस मृत समजते. आपल्या भिंतीवरच्या पेटीची कथा याच्या नेमकी उलट, पण त्याच जातीची आहे.

‘तंत्रज्ञ आहे ना’, असे यावर सांगितले जाते. तंत्रज्ञ असावाच. पण तो तालुक्याच्या गावी असतो, त्याच्याकडे अशा वीस संस्था असतात आणि अर्जाची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही. मुलांच्या हाती संकेतशब्द द्यायचा का, हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. मुलांना बदल करण्याचा अधिकार देऊ नये; केवळ पाहण्याचा अधिकार असलेले खाते फायरवॉलवर उघडता येते, आणि निदानासाठी तेवढे पुरते. शिकण्यासाठी महागडे यंत्रही नको. पीएफसेन्स २००४ साली सुरू झाले, आणि त्यातूनच निघालेले ओपीएनसेन्स २०१५ च्या जानेवारीत आले. दोन्ही विनामूल्य मिळतात आणि दोन-तीन नेटवर्क कार्डे बसविलेल्या जुन्या संगणकावर चालतात. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यास भूगोलाच्या नकाशाइतकेच हे कोष्टक वाचता येते. किंबहुना कार्यकारण लावून एकेक शक्यता बाद करीत जाण्याचे याहून प्रत्यक्ष शिक्षण प्रयोगशाळेतही क्वचित मिळते.

खर्चाविषयी एवढेच म्हणेन, की दुसरी जोडणी घेण्यापूर्वी ती कोणत्या खांबावरून येते ते पाहावे. दोन कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून येत असतील, तर एक फांदी दोघींना पुरते. वीज गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर आणि कंपनीची पेटी साध्या सॉकेटवर, अशी मांडणीही पुष्कळ ठिकाणी आहे.

महिन्यातून एकदा, परीक्षा नसलेल्या दिवशी, पहिली तार मुद्दाम काढून पाहावी आणि मग दुसरी. ज्या पर्यायी जोडणीची अशी चाचणी झाली नाही, तिचे देयक भरणे हा केवळ दानधर्म आहे. यंत्राच्या कपाटाच्या दारावर आतील बाजूने एक कागद चिकटवलेला असावा: कोणती तार कोणत्या कंपनीची, तिचा ग्राहक क्रमांक, पाहणीचे दोन पत्ते, तपासणीचा क्रम, आणि खाली, शेवटची चाचणी कोणत्या तारखेस झाली व कोणी घेतली, यासाठी रिकाम्या ओळी.