गाडी 'लो' करताय? आधी स्पीडब्रेकरचं गणित बघा

रीलमधली रस्त्याला चिकटून धावणारी गाडी भारी दिसते. पण ती बहुतेकदा रिकामी असते आणि रस्ता कोरडा.

स्वस्तातला जुगाड म्हणजे स्प्रिंगची वेटोळी कापणं. कापलेली स्प्रिंग जास्त कडक होते, खाली-वर व्हायला जागाही कमी उरते. मग खड्ड्यात दणका थेट पाठीला. आरामही हवा असेल तर त्या उंचीसाठीच बनवलेल्या स्प्रिंग, त्यांना जुळणारे शॉक ॲब्झॉर्बर आणि नंतर व्हील अलाइनमेंट, हे सगळं करावं लागतं. खर्च वाढतो तो इथे.

आता गणित. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच. समजा, तुमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १७ आहे. ३ कमी केले, उरले १४. त्यात पाच जण आणि सामान! शिवाय आपल्या गल्लीतले स्पीडब्रेकर निकष वाचून कोण बांधतं? बर्फाळ देशांत हाच त्रास हिवाळ्यात होतो, चाकोऱ्यांमधला बर्फ गाडीच्या पोटाला घासतो. आपल्याकडे पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसतच नाही.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्यामुळे आधी आरटीओत विचारा, गॅरेजवाल्याला नंतर.