खोकणारं मांजर, दमा आणि शंखी गोगलगाय

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात मांजर असेल किंवा दारात येणाऱ्या मांजराला दूध-पोळी घालत असाल, तर शेवटपर्यंत वाचा.

2022 चा पावसाळा आठवतोय ना? लातूर, बीड, उस्मानाबादेत शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन रातोरात फस्त केलं. दुबार पेरण्या झाल्या, पंचनामे झाले, पेपरात फोटो आले. पीक गेलं, चर्चा संपली. गोगलगाय मात्र गेली नाही. आता ती कॉलनीतल्या कुंड्यांत, नालीच्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीवर आरामात फिरते. 'गोगलगाय अन् पोटात पाय' आपण उगाच म्हणत नाही. हिच्या पोटात पायासोबत आणखीही काही असू शकतं.

मांजराच्या फुप्फुसात राहणारा एक बारीक जंत आहे, एल्युरोस्ट्राँगिलस. त्याच्या अळ्या मांजर खोकून वर आणतं, गिळतं आणि त्या विष्ठेतून बाहेर पडतात. ओल्या मातीत त्या गोगलगायीत शिरून वाढतात. आता मांजर काही आवडीने गोगलगाय खात नाही. पण उंदीर, पाली, बेडूक, पाखरं गोगलगायी खातात आणि मांजर त्यांना खातं. झाली साखळी पूर्ण. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी त्या मांजराच्या विष्ठेतही अळ्या दिसू लागतात. गोगलगाय दिसली म्हणजे जंत आलाच असं नाही. पण खोकणाऱ्या मांजराच्या बाबतीत ही शंका कुणी घेतच नसेल, तर तो सापडणार कसा?

माझा मुद्दा नेमका हाच आहे. मांजर मान पुढे ताणून खोकतंय, धाप लागतेय, वजन उतरतंय, की लोक म्हणतात घशात केस अडकला. दवाखान्यात नेलं की एक्स-रे निघतो, तो दम्यासारखा दिसतो आणि स्टिरॉइड सुरू होतं. त्याने सूज उतरते, मांजर चार दिवस बरं दिसतं. जंत मात्र जागेवरच असतो. गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. पिल्लांना तर हा आजार जास्तच जड जातो.

'आम्ही विष्ठा तपासली, काही निघालं नाही,' असंही सांगतात. अहो, कशी तपासली ते विचारा! नेहमीच्या तपासणीत विष्ठा दाट मिठाच्या पाण्यात कालवून वर तरंगणारी अंडी बघतात. या जंताची अंडी विष्ठेत येतच नाहीत, अळ्या येतात, आणि मिठाच्या पाण्यात त्या आकसून जातात. त्यासाठी बेअरमान पद्धत लागते. नाव भारी असलं तरी सामान किरकोळ आहे. एक नरसाळं, त्याला रबरी नळी, नळीला चिमटा. वर गाळणीत मलमलच्या कापडात ताजी विष्ठा ठेवायची, कोमट पाणी भरायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. जिवंत अळ्या वळवळत पाण्यात उतरतात आणि नळीच्या तळाशी बसतात. सकाळी चिमटा सैल करून चार थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचे. अळ्या रोज पडतीलच असं नाही, म्हणून तीन दिवसांचे नमुने द्यावेत. मातीत पडलेली विष्ठा नको, मातीतल्या दुसऱ्याच अळ्या घोटाळा करतात.

एवढ्याशा तपासणीसाठी मशीन नको, टेंडर नको. मग जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात ती रोज का होऊ नये? उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जाणकार मंडळी हाकेवर आहेत. गाय-म्हशीला पहिला मान, कबूल, त्यावर कुणाचं पोट आहे. पण मांजराचा केसपेपर काढताना काउंटरवरचं हसू तरी थांबवा.

आणि हे फक्त हौशी लोकांपुरतं नाही. मोकाट मांजरांच्या नसबंदीची मागणी आपणच करतो, आणि ती योग्यच आहे. पण फुप्फुसात हा जंत असलेली, वरून ठणठणीत दिसणारी मांजरं भुलीत दगावल्याच्या नोंदी परदेशात आहेत. म्हणून शिबिरात टेबलावर घेण्याआधी प्रत्येक मांजराची छाती तपासावी, आणि खोकणाऱ्याचं ऑपरेशन पुढे ढकलून आधी उपचार करावेत. एवढी अट कामाच्या आदेशात घातली तर काय बिघडतं?

उपचार आहेत. फेनबेंडाझोल आहे, मॉक्सिडेक्टिन किंवा एमोडेप्साइड असलेले मानेवर लावायचे थेंबही आहेत. डोस डॉक्टरच ठरवतील. मेडिकलमधून नेहमीची प्राझिक्वांटेल-पायरांटेलची गोळी आणून 'जंताचं औषध दिलंय' असं समाधान मानू नका, ती फुप्फुसापर्यंतचं काम करत नाही. कुत्र्याचे थेंब तर मुळीच लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर जिवानिशी जाईल.

अंगणातल्या गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या फेकू नका, त्या कुत्र्या-मांजरांनाही विष आहेत. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं संध्याकाळी पसरा, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. मांजराचा हा जंत माणसाला होत नाही. पण उंदरांचा फुप्फुसजंत वेगळा, तोही याच गोगलगायींतून येतो आणि माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. म्हणून पोरांना गोगलगायीशी खेळू देऊ नका, आणि पालेभाजी नीट धुऊन घ्या.

बेअरमान तपासणी आणि शिबिरातली ती अट, या दोन मागण्यांचं पत्र जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना या आठवड्यात देतोय. सही करायची असेल त्यांनी खाली नाव आणि वॉर्ड लिहा.