अमेरिकेचे परंपरावादी राजकारण आणि कर्जत-खालापुरातील आपण

अमेरिकेच्या निवडणुकीत कोण जिंकले, याची कर्जत आणि खालापूर तालुक्यांत पूर्वी फारशी दखल घेतली जात नसे. वर्तमानपत्रातील एक बातमी एवढेच तिचे मोल होते. २०२५ या वर्षाने ही स्थिती बदलली. त्या वर्षी अमेरिकेतून परत पाठवलेल्या भारतीयांच्या हातांत बेड्या दिसल्या, भारतीय मालावरील आयातशुल्क पन्नास टक्क्यांवर गेले, नोकरीच्या व्हिसासाठी एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले आणि गरीब देशांना मदत करणारी अमेरिकन संस्था बंद झाली. त्याच वर्षी शिकागोत जन्मलेले कार्डिनल रॉबर्ट प्रीव्होस्ट हे पोप लिओ चौदावे झाले आणि आपल्याच मायदेशाच्या धोरणांविषयी स्पष्टपणे बोलू लागले. त्यामुळे अमेरिकेतील परंपरावादी राजकारणाकडे आपण कसे पाहावे, हा प्रश्न आता आपल्या धर्मग्रामांतूनही चर्चिला जाणे आवश्यक झाले आहे.

शब्दाचा घोटाळा

प्रथम शब्द पाहू. अमेरिकेतील 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या शब्दासाठी आपण कधी 'सनातनी', कधी 'पुराणमतवादी', तर कधी 'उजवे' असे शब्द वापरतो. यांपैकी एकही नेमका बसत नाही. महाराष्ट्रात 'सनातनी' म्हटले की जोतीराव फुले आणि आगरकर यांना विरोध करणारा वर्ग डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतील परंपरावाद हा मात्र तीन वेगवेगळ्या धाग्यांचा पीळ आहे. गर्भपाताला विरोध आणि कुटुंबसंस्थेचे रक्षण हा पहिला धागा. सरकार लहान असावे आणि बाजार मोकळा असावा हा दुसरा. आपला देश, आपली सीमा आणि आपला कामगार यांना अग्रक्रम द्यावा हा तिसरा. रोनाल्ड रेगन यांच्या काळात, म्हणजे १९८० च्या दशकात, दुसरा धागा बळकट होता. डोनाल्ड ट्रम्प यांच्या काळात तिसरा बळकट झाला आणि मुक्त व्यापाराचा पुरस्कार करणारा पक्षच आयातशुल्काच्या भिंती बांधू लागला.

परदेशातील माणूस हा पीळ उलगडून पाहत नाही. ज्या धाग्याचा त्याला स्पर्श होतो, त्यावरून तो सगळ्याची परीक्षा करतो.

मिलोची आठवण

आपल्याकडील वडीलधाऱ्यांना अमेरिकेचा पहिला स्पर्श झाला तो धान्याच्या रूपाने. १० जुलै १९५४ रोजी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 'पीएल ४८०' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि पुढे त्याच कायद्याखाली भारतात गव्हाची जहाजे येऊ लागली. १९४६ पासून भारतात काम करणाऱ्या 'कॅथोलिक रिलीफ सर्व्हिसेस' या संस्थेमार्फत त्यातील काही अन्नधान्य गरिबांपर्यंत पोहोचले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल मिलो ज्वारी तर महाराष्ट्राच्या एका पिढीच्या जिभेवर अजून आहे. ती कोणाला आवडली नाही, पण तिच्यावर लोक जगले.

या मदतीमागे निव्वळ दया नव्हती. अमेरिकेच्या कोठारांत धान्य साठून राहिले होते आणि शीतयुद्धात मित्र हवे होते. शिवाय डेमोक्रॅट पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५-६६ मध्ये हेच धान्य हात आखडून, थोडे थोडे पाठवून भारतावर दबाव आणला, हेही विसरता येत नाही. मदत देणारा हात ती रोखूही शकतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता. त्यातून सुटका झाली ती आपल्याच शेतांतील संशोधनाने. त्या संशोधनाची एक शाखा आपल्या कर्जत येथे आहे. कोकण कृषी विद्यापीठाच्या येथील केंद्राने विकसित केलेले 'कर्जत ३', 'कर्जत ७' यांसारखे भाताचे वाण कोकणातील शेतकऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचे आहेत. त्यामुळे परकीय मदतीने परावलंबन वाढते, हे अमेरिकन परंपरावाद्यांचे म्हणणे आपण सरसकट फेटाळू शकत नाही.

तथापि परावलंबन संपवणे वेगळे आणि आजाऱ्याचे औषध अचानक थांबवणे वेगळे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कारकिर्दीत १९६१ साली स्थापन झालेली 'यूएसएड' ही संस्था १ जुलै २०२५ रोजी इतिहासजमा झाली. तिच्या निधीवर चालणारे, तृतीयपंथीयांना आरोग्यसेवा देणारे कल्याण आणि पुणे येथील दवाखाने त्याआधीच बंद पडले होते. कल्याण म्हणजे आपल्या लोकलच्या मार्गावरील जंक्शन. वॉशिंग्टनमधील निर्णयाचा धक्का इतक्या जवळ येऊन पोहोचला, आणि तो बसला तो समाजाने आधीच दूर लोटलेल्या माणसांना.

आपुलकी का वाटली?

अमेरिकन परंपरावाद्यांविषयी अनेक कॅथोलिकांना आपुलकी वाटत आली, त्यालाही कारणे आहेत. जानेवारी १९८४ मध्ये रेगन यांच्या कारकिर्दीत अमेरिका आणि परमधर्मपीठ यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटींच्या विरोधात पोप जॉन पॉल दुसरे आणि रेगन हे एकाच बाजूला दिसले. २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक हक्क मानणारा १९७३ चा निकाल रद्द केला, तेव्हा त्या नऊ न्यायाधीशांपैकी सहा कॅथोलिक होते. गर्भातील जीवाचे रक्षण ही ख्रिस्तसभेची अढळ शिकवण असल्याने या निकालाचे अनेकांनी स्वागत केले. २०२४ च्या निवडणुकीत अमेरिकेतील निम्म्याहून अधिक कॅथोलिक मतदारांनी ट्रम्प यांना मत दिले, ही वस्तुस्थिती आहे.

परंतु ही वाट नेहमी एक नव्हती. २००३ साली इराकवर हल्ला करण्याची तयारी चालली असता जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल पिओ लाघी यांना राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडे पाठवले. राखेच्या बुधवारी ही भेट झाली. युद्ध टाळावे ही विनंती मानली गेली नाही. गर्भातील जीवाविषयी एकमत असलेले दोघे युद्धात मरणाऱ्या जीवांविषयी परस्परविरोधी भूमिकांवर होते.

भारताचे मत आणि मतातील बदल

'प्यू' या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२५ च्या पूर्वार्धात २४ देशांत पाहणी केली. ट्रम्प यांच्या जागतिक नेतृत्वावर विश्वास असल्याचे सांगणाऱ्यांचे मध्यम प्रमाण ३४ टक्के होते. मेक्सिकोत ते दहा टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही. भारतात मात्र निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी विश्वास दर्शवला. २०१९ चा ह्यूस्टन येथील आणि २०२० चा अहमदाबाद येथील भव्य मेळावा, कणखर नेत्याविषयीचे आकर्षण आणि चीनविषयीची समान चिंता यांचा तो परिणाम असावा.

आणखी एक कारण आपल्याच मातीत आहे. 'अमेरिका प्रथम' ही घोषणा मराठी माणसाला अगदी परकी वाटत नाही, कारण 'भूमिपुत्र' हा शब्द त्याने लहानपणापासून ऐकला आहे. कर्जत आणि नेरळच्या परिसरात शेतजमिनी विकल्या जाऊन फार्महाऊसे उभी राहिली आणि कालचा जमीनमालक आज त्याच कुंपणाच्या दारावर रखवालदार झालेला दिसतो. रसायनी येथील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१७ साली केंद्र सरकारने घेतला. एक कारखाना थांबला म्हणजे बाजारपेठ, शाळा आणि घरे कशी ओस पडत जातात, हे त्या भागाला कोणी शिकवण्याची गरज नाही. ओहायो आणि पेनसिल्व्हानियातील पोलादाच्या गावांनी हेच भोगले आणि त्या दुःखातूनच तेथील मतदार परंपरावादी पक्षाकडे वळला. त्याला केवळ द्वेषी म्हणून निकालात काढणे हा अन्याय ठरेल. खोपोलीचा कामगार त्याची वेदना अचूक ओळखू शकतो.

मात्र दुःखातून निघालेला राग कोणावर काढला जातो, हे पाहिले पाहिजे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. त्यांना हातकड्या आणि पायांत साखळ्या घालून आणले होते. बेकायदा प्रवेश केलेल्यांना परत पाठवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, परंतु साखळ्या त्या अधिकाराचा अपरिहार्य भाग नव्हेत. ऑगस्टअखेरीस भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर गेले. पुढे वाटाघाटी आणि न्यायालयीन लढे यांमुळे ते दर बदलत राहिले, पण विश्वासाला गेलेला तडा राहिलाच. सप्टेंबरमध्ये नव्या 'एच-१बी' अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याची घोषणा झाली. या व्हिसाधारकांपैकी सुमारे सत्तर टक्के भारतीय असल्याने कर्जतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनाही त्याची झळ जाणवली. कौतुक करणारे नाराज झाले ते स्वतःला चटका बसल्यावर. मेक्सिकोच्या मजुरावर हीच वेळ आली तेव्हा आपल्यापैकी कितीजण अस्वस्थ झाले होते?

प्रीतीचा क्रम

या वादाला थेट धर्मशिकवणीचे रूप दिले ते उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी. ते स्वतः २०१९ मध्ये कॅथोलिक झाले. आधी कुटुंब, मग शेजारी, मग समाज, मग देशबांधव आणि त्यानंतर उरलेले जग, असा प्रीतीचा क्रम ख्रिस्ती परंपरेत आहे, असे त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये मांडले. संत ऑगस्टिन आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनात प्रीतीच्या क्रमाचा विचार आहे, हे खरे. आपल्या मुलाला उपाशी ठेवून कोणी जगाला जेवू घालत नाही. परंतु १० फेब्रुवारी २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहून स्पष्ट केले की, खरा क्रम समजून घ्यायचा तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर मनन केले पाहिजे. हिंसक गुन्हेगारांपासून स्वतःचे रक्षण करण्याचा राष्ट्राचा अधिकार त्यांनी त्याच पत्रात मान्य केला होता, हेही लक्षात ठेवावे.

त्यानंतर २० एप्रिल रोजी, ईस्टरच्या दिवशी, आजारी पोप आणि व्हान्स यांची अल्प भेट झाली. दुसऱ्या दिवशी व्हान्स आपल्या कुटुंबासह दिल्लीत उतरले आणि त्याच दिवशी पोप फ्रान्सिस यांच्या निधनाचे वृत्त आले. वाद मात्र मिटला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या बिशपांनी सरसकट हद्दपारीला विरोध करणारे विशेष निवेदन प्रचंड बहुमताने संमत केले. गर्भपाताला विरोध करायचा आणि स्थलांतरितांना अमानुषपणे वागवण्याला संमती द्यायची, याला जीवनाचा पुरस्कार म्हणता येईल काय, असा प्रश्न पोप लिओ यांनी त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस उपस्थित केला होता. अमेरिकेतील दोन्ही पक्षांना अडचणीत टाकणारा हा प्रश्न आहे.

पाठिंब्याची किंमत

भारतातील ख्रिस्ती लोकांच्या दृष्टीने एक बाब अधिक नाजूक आहे. जगभरातील धर्मस्वातंत्र्यावर लक्ष ठेवणारा अमेरिकेचा कायदा १९९८ सालचा. त्यामागे तेथील परंपरावादी ख्रिस्ती गटांचा मोठा रेटा होता. त्या कायद्याने नेमलेला आयोग २०२० पासून दरवर्षी भारताला विशेष चिंतेच्या देशांच्या यादीत घालण्याची शिफारस करीत आला. कोलोरॅडोतील 'कम्पॅशन इंटरनॅशनल' या संस्थेला परकीय निधीवरील निर्बंधांमुळे मार्च २०१७ मध्ये भारतातील काम थांबवावे लागले, तेव्हाही हा विषय अमेरिकन काँग्रेसमध्ये गाजला होता.

असा आवाज उठला की काहींना धीर येतो. पण त्याची किंमतही आपल्यालाच मोजावी लागते, कारण 'हे लोक अमेरिकेचे' हा आरोप त्यातून बळावतो. आपले धर्मस्वातंत्र्य वॉशिंग्टनच्या कृपेने मिळालेले नाही. ते भारतीय राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने दिले आहे आणि ते आपण नागरिक म्हणून मागायचे आहे. जो आपल्यासाठी बोलतो तो सर्व बाबतींत योग्यच, असे मानण्याचेही कारण नाही.

आपल्या दारातील परका

तेव्हा अमेरिकन परंपरावादाचे मूल्यमापन त्याच्याकडून आपल्याला काय मिळाले किंवा काय गेले, यावर करू नये. गर्भातील बालक, बंद कारखान्याचा कामगार आणि सीमेवर अडवलेला मजूर या तिघांनाही तो माणूस मानतो काय, हे पाहावे. आणि हीच कसोटी स्वतःला लावावी.

दिवाळीनंतर कर्जत-खालापुरातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आगाऊ घेतलेल्या उचलीपोटी संपूर्ण कुटुंब राबते आणि मुलांची शाळा बुडते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालचा आहे. ही कुटुंबे कोणतीही सीमा ओलांडत नाहीत, तरी ज्या गावाच्या वेशीवर भट्टी असते त्या गावाला ती परकीच असतात. २००८ साली रेल्वेभरतीच्या परीक्षेसाठी आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मुंबई-ठाणे परिसरात मारहाण झाली, तेव्हा आपल्यातील किती आवाज उठले, हेही आठवून पाहावे.

याच खालापूर तालुक्याने वेगळेही दाखवून दिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. यंत्रे वर नेता येत नव्हती, म्हणून माणसे भर पावसात, अंधारात डोंगर चढून गेली. अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याने त्या चढणीवरच प्राण सोडला. ढिगाऱ्याखालची माणसे नात्याची नव्हती, ओळखीचीही नव्हती. वर जाणाऱ्यांपैकी कोणी प्रीतीचा क्रम विचारला नाही.