सायकलच्या हवेचे माप

चाकावर अंगठा दाबून हवा पारखण्याची रीत घरोघरी आहे. वडील चाक दाबून पाहतात, मान हलवतात आणि मूल शाळेला निघते. रुंद टायरच्या सायकलींच्या काळात एवढ्यावर निभावत असे. आता एकाच अंगणात आजोबांची काळी, दणकट सायकल, नातवाची गिअरची सायकल आणि हौशी वडिलांची अरुंद टायरची रेसर अशा तीन सायकली उभ्या दिसतात, आणि अंगठा तिघींविषयी एकच निर्वाळा देतो. वस्तुतः अंगठ्याला कळतो तो टायरचा कडकपणा. आतील दाब त्याला कळत नाही. रेसरचा टायर 60 पीएसआयलाही दगडासारखा लागतो, आणि त्याला हवे असतात 90 च्या आसपास.

दाब कमी असताना चाक खड्ड्यात आपटले की ट्यूब टायर आणि रिमची कड यांच्यामध्ये चिमटली जाते व तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. पंक्चर काढणारा ती जोडभोके पाहताच कारण ओळखतो. घरची मंडळी मात्र टायरमध्ये खिळा शोधत बसतात आणि अखेर रस्त्याला दोष देतात. पंक्चरचे एक वेळ चालेल. परंतु पावसाळ्यात वळणावर पुढचे मऊ पडलेले चाक ऐनवेळी दगा देते, तेव्हा मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला ते ठाऊक नसते. म्हणून घरात हवा मोजण्याचा गेज असणे ही केवळ हौस म्हणता येणार नाही.

गेज घेताना बहुतेक जण प्रथम किंमत पाहतात. प्रथम पाहावयास हवा तो व्हॉल्व्ह. मोटार व स्कूटरला असतो तसा जाड व्हॉल्व्ह गिअरच्या बहुतेक सायकलींना असतो. त्याला मोटारीचा साधा गेज चालतो. रेसरचा व्हॉल्व्ह बारीक असून त्याच्या टोकाशी एक इवलीशी चकती फिरवून सैल करावी लागते. ‘प्रेस्टा’ या नावाने तो ओळखला जातो. त्याला अरुंद तोंडाचा गेज लागतो. पितळी अडॅप्टर लावूनही काम भागते. मात्र जितके जोड अधिक, तितक्या हवा निसटण्याच्या जागा अधिक. घरात दोन्ही प्रकारच्या सायकली असतील तर दोन्ही व्हॉल्व्हना बसणाऱ्या तोंडाचा गेज घ्यावा.

खरी पंचाईत आजोबांच्या सायकलीची. तिचा व्हॉल्व्ह ‘डनलॉप’ या नावाने ओळखला जातो. बेलफास्टमध्ये 1888 साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवणारे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांचेच हे नाव. जुन्या धर्तीच्या या व्हॉल्व्हमध्ये धातूच्या नळीला बाजूने एक बारीक छिद्र असते आणि त्यावर रबराची वालट्यूब चढवलेली असते. पंपाची हवा रबराला किंचित उचलून आत शिरते. आतील हवा तेच रबर छिद्रावर घट्ट दाबून धरते. त्यामुळे आत गेलेली हवा बाहेर लावलेल्या गेजपर्यंत परत येतच नाही. कितीही महागाचा गेज लावला तरी काटा जागचा हलत नाही, आणि घरातील मंडळी दुकानदाराशी भांडायला निघतात. पंपावरचा गेज काही आकडा दाखवतो खरा, परंतु त्यात रबर उचलण्यासाठी लागलेला जोरही मिसळलेला असतो. यावर उपाय एकच : पुढच्या वेळी ट्यूब बदलताना मोटारीसारख्या व्हॉल्व्हची ट्यूब मागावी. रिमच्या भोकात ती सहसा बसते. कारागिराकडून आधी खात्री करून घ्यावी.

व्हॉल्व्ह जुळला की गेजच्या मापाची मर्यादा पाहावी. गोल तबकडीच्या गेजमागील युक्ती फ्रान्सच्या यूजीन बुर्दाँ यांची, 1849 सालची : वाकवलेली नळी आतील दाबाने उलगडू लागते आणि काटा फिरवते. अशा गेजमधील चूक सामान्यतः पूर्ण मापाच्या टक्केवारीत सांगितली जाते. 160 पीएसआयपर्यंतच्या गेजमध्ये 2 टक्के चूक म्हणजे कोठेही सुमारे 3 पीएसआय इकडे-तिकडे. रेसरच्या 90 वर ती खपून जाते. मुलाच्या सायकलीच्या 30 वर तीच चूक दहावा हिस्सा होते. म्हणून रोजचा आकडा तबकडीच्या मध्याजवळ येईल असा गेज निवडावा. 60 पर्यंतचा मोटारीचा गेज मुलाच्या रुंद टायरला उत्तम, वडिलांच्या रेसरला निरुपयोगी.

पेन्सिलच्या आकाराचा गेज स्वस्त आणि दप्तरात मावणारा. पण त्यावरील रेषा विरळ असतात आणि धूळ शिरली की सरकपट्टी अडते. डिजिटल गेज वयस्करांना वाचण्यास सोपा, मात्र सेल संपले की मुका. त्यातील दशांश चिन्हापुढच्या अंकावर फार भिस्त ठेवू नये. दुकानातच एका टायरला तीन वेळा गेज लावून पाहावा. दर वेळी थोडी हवा निसटते, म्हणून आकडा किंचित उतरणारच. तो वर-खाली उड्या मारू लागला तर गेज परत ठेवावा. नेहमी 2 पीएसआय जास्त दाखवणारा गेजसुद्धा घरी चालतो, कारण त्याची खोड एकदा कळली की हिशेबात धरता येते.

हवा सकाळी, सायकल बाहेर काढण्यापूर्वी मोजावी. मे महिन्याच्या उन्हात तापमान 10 अंशांनी चढले तर 50 चे सुमारे 52 होतात. ती वाढ पाहून हवा सोडू नये. टायरच्या कडेवर किमान व कमाल दाब छापलेला असतो. हलक्या मुलासाठी खालच्या आकड्याजवळ, वजनदार स्वारासाठी वरच्या आकड्याजवळ राहावे आणि मागच्या चाकात थोडी अधिक हवा ठेवावी, कारण स्वाराचा बहुतेक भार तेच वाहते. ठरलेले आकडे सायकल उभी राहते तेथील भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवले की घरातील कोणालाही हवा भरता येते. आजोबांच्या सायकलीची जागा तेवढी रिकामी सोडावी. तिची ट्यूब बदलेपर्यंत तेथे अंगठ्याचाच कारभार.